'कडक शेड्यूल द्या' म्हणणाऱ्या एका शिफ्टवाल्याला फॅमिली डॉक्टरचं उत्तर

तुमचा प्रश्न इतरांनाही कळावा म्हणून आधी थोडक्यात मांडते. वय ४३, शिरोली एमआयडीसीतल्या एका फाउंड्रीत सुपरवायझर, बदलत्या शिफ्ट. उंची पाच फूट सात इंच, वजन ९४ किलो. कंपनीच्या तपासणीत उपाशीपोटी साखर ११४ आणि रक्तदाब १४२/९० निघाला. झोप तुटक, सकाळी उठल्यावरही अंग जड, मुलांवर विनाकारण ओरडणं, सुट्टीला कुठं जावंसंच वाटत नाही. घोरणं शेजारच्या खोलीत ऐकू येतं अशी घरच्यांची तक्रार. दिवसाला पाच-सहा चहा, तंबाखू मळणं आहे, सुट्टीच्या आदल्या रात्री मित्रांबरोबर 'बसणं' आहे. कॉलेजात असताना तालमीत तीनशे जोर, पाचशे बैठका मारायचात. आता दर एक जानेवारीला पहाटे पाचचा गजर, जिम, भात बंद, गोड बंद असं सगळं एकदम सुरू करता आणि महिना संपायच्या आत सगळं एकदम सुटतं. म्हणून तुम्ही लिहिलंय, "मला कडक शेड्यूल द्या, या वेळी मोडणार नाही."

मी कोल्हापुरात फॅमिली डॉक्टर आहे. उद्यमनगरातले कारागीर, एमआयडीसीतले शिफ्टवाले, दुकानदार आणि या सगळ्यांच्या घरची माणसं माझ्याकडं येतात. तुमच्यासारखी तक्रार इतक्यांच्या तोंडून ऐकली आहे की उत्तर लांबलं तरी पूर्ण लिहावं असं वाटलं.

कडक शेड्यूल मी देणार नाही. आजवर तुम्ही जी शेड्यूलं केलीत ती सगळी कडकच होती, आणि तेच त्यांचं दुखणं होतं. पहाटे पाचला उठायचा बेत सेकंड शिफ्टच्या आठवड्यात टिकणार कसा? रात्री अकराला सुटून, घरी येऊन, जेवून आडवं व्हायला एक वाजतो. पाचला उठलात म्हणजे चार तास झोप. तीन-चार दिवस रेटाल, मग शरीर नको म्हणेल, आणि तुम्ही म्हणाल, 'माझ्यातच दम राहिला नाही.' ज्या माणसानं एवढी वर्षं भट्टीच्या उष्म्यात शिफ्ट काढल्या त्याच्यात दम नाही हे मी मान्य करणार नाही. माझ्या मते तुमचे खरे प्रश्न दोन आहेत. थकलेल्या, अर्धवट झोपलेल्या शरीराला नेमका कुठून हात घालायचा? आणि तुम्ही ज्याला आळस म्हणताय त्यात आजार किती आहे?

दुसऱ्या प्रश्नापासून सुरुवात करते, कारण तो सुटल्याशिवाय पहिल्याला अर्थ नाही. मी तुम्हाला तपासलेलं नाही, त्यामुळं पुढचं बरंच काही 'जर-तर'वर आहे. जिना चढताना, जोतिबाच्या पायऱ्यांवर किंवा मोटरसायकल ढकलताना छातीत दाब येत असेल, डाव्या हातात किंवा जबड्यात कळ जात असेल, धाप नेहमीपेक्षा लवकर लागत असेल, तर व्यायामाचा विचार बाजूला ठेवून आधी ईसीजी आणि डॉक्टर. तुम्ही 'बसणं' सुट्टीच्या आदल्या रात्रीपुरतं लिहिलंय. पण ते रोजचं असेल, सकाळी हात थरथरत असतील, तर दारू स्वतःच्या मनानं एका झटक्यात बंद करू नका. त्यात फिट येऊ शकते, ती डॉक्टरच्या देखरेखीखाली सोडावी लागते. यातलं काही नसेल तर पुढं वाचा.

रक्ताच्या तपासण्या एकदा करून घ्या: हिमोग्लोबिन, थायरॉइडची टीएसएच, बी-१२, ड जीवनसत्त्व, किडनीसाठी क्रिएटिनिन, कोलेस्टेरॉल आणि तीन महिन्यांच्या साखरेची सरासरी सांगणारी एचबीएवनसी. थायरॉइड मंद असेल किंवा बी-१२ खूप खाली असेल तर अंग जड राहतं, मन खिन्न राहतं, आणि मग कितीही निश्चय केला तरी पाय उचलत नाहीत. उपाशीपोटी १०० ते १२५ ही मधुमेहाच्या आधीची पायरी. एचबीएवनसीत ५.७ ते ६.४ आलं तर तेच. म्हणजे तुम्ही उंबरठ्यावर आहात, आत गेलेला नाही. रक्तदाब एका मोजणीवर ठरत नाही. आठवडाभर सकाळ-संध्याकाळ, पाच मिनिटं शांत बसून, पाठ टेकून, चहा-तंबाखूनंतर अर्धा तास जाऊ देऊन मोजा आणि लिहून ठेवा. घरची सरासरी १३५/८५च्या वर राहिली तर डॉक्टर कदाचित गोळी सुचवतील. ती घ्यावी लागली तर हार मानू नका. गोळी चालू ठेवूनही खालचं सगळं करायचंच आहे, आणि वजन उतरल्यावर डोस कमी झालेले पेशंट माझ्याकडं आहेत.

आता घोरणं. तुमच्या प्रश्नात ही गोष्ट ओघात आली आहे, मला मात्र सगळ्यात महत्त्वाची वाटली. जोरात घोरणं, झोपूनही थकवा, चिडचिड, वाढलेला रक्तदाब आणि पोटाचा घेर एकत्र दिसले की पहिला संशय झोपेत श्वास अडकण्याचा येतो. झोप खोल गेली की घशाचे स्नायू सैल पडतात, हवेची वाट बंद होते, रक्तातला ऑक्सिजन उतरतो आणि मेंदू दचकून अर्धवट जागा करतो. जास्त त्रास असेल तर एका रात्रीत हे शेकडो वेळा घडतं आणि सकाळी त्यातलं काहीच आठवत नाही. माणूस म्हणतो, 'आठ तास झोपलो'. शरीराला विश्रांती मिळालेली नसते. अशा माणसाला पहाटे उठून पळायला लावणं हा त्याच्यावर अन्याय आहे. याची तपासणी होते, एक लहान यंत्र लावून घरच्या घरीही होते. कुशीवर झोपणं, वजन उतरवणं आणि झोपायच्या आधी दारू टाळणं यानं बऱ्याच जणांना फरक पडतो; त्रास जास्त असेल तर रात्री हवेचा दाब देणारं मशीन लागतं. डॉक्टरकडं जाताना वहिनींना बरोबर न्या. मध्येच घोरणं थांबून श्वास बंद होतो का आणि मग झटक्यात सुरू होतो का, हे त्याच सांगू शकतील. शिफ्ट संपवून हायवेवरनं गाडी चालवताना डोळा लागत असेल तर ही तपासणी पुढं ढकलू नका.

झोपेला मी एवढं पुढं का ठेवते ते सांगते. झोप कमी पडली की भूक वाढवणारी यंत्रणा जोर करते, तळलेलं आणि गोड खावंसं वाटतं, इन्सुलिनचा परिणाम घटतो आणि रागावरचा ताबा सुटतो. म्हणजे तुमची साखर, वजन आणि मुलांवरचं ओरडणं, तिन्हीची एक दोरी इथं बांधलेली आहे. माझ्याकडं जे पेशंट सावरले त्यांच्यातल्या बहुतेकांनी आधी झोप सुधारली आणि मग चालायला लागले. उलट्या क्रमानं गेलेले बरेचजण अर्ध्या वाटेवरनं परतले.

शिफ्टवाल्याला 'रोज दहाला झोपा' म्हणण्यात अर्थ नाही. तुमच्यासाठी हिशेब असा: कुठलीही शिफ्ट असो, चोवीस तासांत अंथरुणावर सात ते आठ तास, आणि त्यातला मोठा तुकडा सलग. फर्स्ट शिफ्टच्या आठवड्यात रात्री साडेनऊ-दहाला दिवे बंद. सेकंड शिफ्टला एक ते साडेआठ, आणि ते करताना अपराधी वाटून घ्यायचं नाही. घरात कुणी 'आठ वाजले तरी लोळतोय' म्हणालं तर त्यांना हे उत्तर वाचायला द्या. थर्ड शिफ्टनंतर घरी आल्यावर फोन बाजूला, थोडं खाऊन, जाड पडदा ओढून खोली अंधारी करून झोपा. दुपारी उठलात तर कामावर जायच्या आधी पुन्हा तासाभराची झोप चालेल. थर्ड शिफ्टला मध्यरात्रीनंतर भरपेट जेवण नको. त्या वेळी शरीर साखर नीट पचवत नाही. उकडलेली अंडी, मूठभर फुटाणे किंवा दही पुरे. कंपनीत शब्द चालत असेल तर शिफ्ट फर्स्ट, सेकंड, थर्ड अशा क्रमानं फिरवून मागा. उलट्या फेऱ्यापेक्षा हा शरीराला सोपा जातो, कारण उशिरा झोपणं जमवता येतं, लवकर झोप आणणं जमत नाही.

चहाचंही इथंच उरकते. चहातलं कॅफिन निम्मं उतरायला साधारण पाच तास लागतात, म्हणून झोपायच्या आधीच्या सहा तासांत चहा नको. आणि साखर मोजा. सहा चहा, प्रत्येकी दोन चमचे, चमच्यात पाच ग्रॅम धरले तर ६० ग्रॅम साखर नुसत्या चहातनं. जागतिक आरोग्य संघटना दिवसभराची वरून घातलेली साखर २५ ग्रॅमच्या आत असेल तर उत्तम म्हणते. आपल्याकडं लगेच उत्तर येतं, "डॉक्टर, मी गुळाचा पितो." आपला गूळ मलाही प्रिय आहे, पण रक्तातली साखर तोही चढवतो. तीन चहा, अर्धा चमचा गोड. जीभ तीन-चार आठवड्यांत सरावते.

तंबाखूबद्दल एकच सांगते. तंबाखूतलं निकोटीन उत्तेजक आहे, ते हृदयाचे ठोके आणि रक्तदाब वाढवतं, आणि झोपायच्या आधीची चिमूट झोप उडवते. 'मळली की डोकं शांत होतं' असं वाटतं, कारण निकोटीन उतरल्यावर आलेली अस्वस्थता पुढच्या चिमटीनं तात्पुरती जाते. तोंड पूर्ण उघडत नसेल किंवा पांढरा चट्टा दिसत असेल तर दंतवैद्याला आजच दाखवा. सोडायला मदत हवी असेल तर १८००-११-२३५६ या सरकारी क्रमांकावर समुपदेशन फुकट मिळतं.

आता तुमच्या आवडीचा भाग, मेहनत. हा प्रश्न आपल्या गावाचा आहे. शाहू महाराजांनी १९१२ मध्ये खासबागेचं कुस्तीचं मैदान उभं केलं, गल्लोगल्ली तालमी वाढल्या. त्या तालमीतनं गेलेल्या प्रत्येकाच्या मनात स्वतःचं विशीतलं शरीर अजून जिवंत असतं. माझं निरीक्षण असं की हौदा, म्हणजे कुस्तीची माती, सुटला, मेहनत सुटली, पण खुराक सुटला नाही. गंगावेशच्या कट्ट्यावरचं म्हशीचं दूध, तूप, मटण हे चार तास घाम गाळणाऱ्या पैलवानाचं जेवण होतं. म्हशीच्या दुधात सहा-सात टक्के स्निग्धांश असतो. तो त्याच्या अंगी लागायचा, तुमच्या पोटावर साचतो. दुसरं म्हणजे तुम्ही जेव्हा व्यायाम पुन्हा धरता तेव्हा विशीतल्या आकड्यांपासून धरता. वीस वर्षं न वापरलेल्या मांड्यांना पहिल्याच दिवशी शंभर बैठका मारल्या तर गुडघे धरतात हे तर झालंच, पण स्नायू फाटून त्यातली द्रव्यं रक्तात उतरली तर किडनीला इजा होऊ शकते. अति व्यायामानंतर लघवी काळ्या चहासारखी झाली तर थेट दवाखाना गाठा. आणि रक्तदाब चढलेला असताना श्वास कोंडून जोर मारू नका. श्वास कोंडला की दाब क्षणात बराच वर जातो.

म्हणून सुरुवात जेवणानंतरच्या चालण्यानं करा. मुख्य जेवण झालं की अर्ध्या तासाच्या आत दहा ते पंधरा मिनिटं. चालताना पायाचे स्नायू रक्तातली साखर थेट ओढून घेतात, इन्सुलिनवरचा भार हलका होतो. म्हणून तुमच्यासारख्या उंबरठ्यावरच्या माणसाला ही पंधरा मिनिटं खूप उपयोगी. सेकंड शिफ्टला जेवणाच्या सुट्टीत शेडबाहेर आवारात चाला. "दिवसभर शॉपमध्ये फिरतोच की" असं म्हणाल. ते फिरणं वाया जात नाही, पण ते थांबत-थांबत असतं, श्वास वाढत नाही. चालताना बोलता यावं पण गाणं म्हणता येऊ नये, एवढा वेग हवा. आठवड्याला १५० मिनिटं हा जगभर मान्य झालेला आकडा आहे. तिथं पोचायला दोन महिने लागले तरी चालेल. सुट्टीला रंकाळ्याचं पदपथ उद्यान, विद्यापीठाचा परिसर, कळंबा तलाव, जे जवळ पडेल ते. पायात बूट घाला. आपली चप्पल सुंदर असते, पण तळ सपाट आणि कडक. टाच दुखत असेल तर लांब चालायला ती नको.

स्नायूंची ताकद मात्र चालण्यानं पुरेशी वाढत नाही. चाळिशीनंतर स्नायू हळूहळू घटत जातात, आणि साखर साठवायची शरीरातली सगळ्यात मोठी कोठी तीच आहे. दिवसाआड पंधरा मिनिटं द्या: खुर्चीवरून हात न टेकता उठणं-बसणं आठ-दहा वेळा, भिंतीला हात टेकवून जोर आठ-दहा वेळा, टाचा उचलणं, आणि हे सगळं दोन फेऱ्यांत. सोपं वाटलं तरी पहिले दोन आठवडे याच्यापुढं जाऊ नका. मग भिंतीऐवजी ओटा, ओट्याऐवजी बाकडं, आणि तीन-चार महिन्यांनी जमिनीवरचा पहिला जोर. स्नायू लवकर वाढतात, सांध्यांच्या दोऱ्या सावकाश. तुमच्यासारख्यांना दुखापत त्या फरकातनं होते. सूर्यनमस्कार येत असतील तर संथ, श्वास चालू ठेवून. आपला पावसाळा दोन-तीन महिने बाहेर पडू देत नाही. तेव्हा हाच घरातला व्यायाम तुम्हाला तारेल, म्हणून तो आधीपासून अंगवळणी पडू द्या.

जेवणाबद्दल मी कमी लिहिणार आहे, कारण तुम्ही जेवणावरच सगळ्यात जास्त अत्याचार केलाय. भात बंद, गोड बंद, रात्रीचं जेवण बंद, आणि मग पंधराव्या दिवशी चार पाव मिसळ आणि वर भजी. काही बंद करू नका. ताटातली मांडणी बदला. आमटी पातळ न करता घट्ट, वाटीऐवजी दोन वाट्या; मोडाची मटकी, पावटा, झुणका, अंडी, दही यातलं एक प्रत्येक जेवणात हवंच. तुमच्या उंचीच्या माणसाला दिवसाला साधारण साठ-सत्तर ग्रॅम प्रथिनं लागतात. एका अंड्यात सहा, मूठभर शेंगदाण्यात सात-आठ असा हिशेब धरला तर आपल्या ताटात किती कमी असतात ते कळेल. प्रथिनं पुरेशी असली की दोन तासांनी परत भूक लागत नाही. शाळूची भाकरी दोन, मेथी-पोकळ्यासारखी पालेभाजी भरपूर, घनसाळ असो की इंद्रायणी, भात एक वाटी आणि तो शेवटी. रविवारचं मटण ठेवा, पण दुपारी खा, रात्री अकराला नको. फोडी खा, तांबड्या रश्श्यावरचा तेलाचा तवंग चमच्यानं काढा, पांढरा रस्सा एक वाटी. मिसळ महिन्यातनं दोनदा. मटकी जास्त घ्या, कट एकदाच, पाव दोन.

मीठ दिवसाला पाच ग्रॅम, म्हणजे सपाट चमचाभर. ते जेवणापेक्षा लोणचं, पापड, फरसाण, भडंग आणि कांदा-लसूण चटणीतनं जास्त जातं. भट्टीजवळ खूप घाम येतो म्हणून मिठाचं पाणी पिणारे आहेत. तुमचा रक्तदाब बघता साधं पाणी आणि बिनमिठाचं किंवा चिमूटभर मिठाचं ताक बहुतेक दिवशी पुरेल. उन्हाळ्यात चक्कर, गोळे येत असतील तर मात्र डॉक्टरशी बोलून ठरवा. आणि एक विनंती: तुमच्यासाठी वेगळा डबा, वेगळी भाजी असं घरी मागू नका. स्वयंपाक करणाऱ्या माणसावर तो बोजा पडतो आणि महिन्याभरात बंद होतो. सगळ्यांच्या ताटात एकच बदल होऊ दे. उंबरठ्यावरच्या बापाच्या मुलांनाही तो लागणारच आहे.

मनाकडं आता येते, पण ते शेवटचं म्हणून नाही. 'कशातच मन लागत नाही, कुठं जावंसं वाटत नाही' हे तुम्ही एका ओळीत लिहून पुढं गेलात. पुरुष पेशंट माझ्याकडं असंच सांगतात, उठून जाता जाता, दाराच्या कडीला हात लावून. गेले दोन आठवडे, बहुतेक दिवस, बराच वेळ उदास वाटतं का? पूर्वी आवडणाऱ्या गोष्टींतला रस गेला आहे का? यातल्या एकालाही 'हो' असेल तर ते नैराश्य असू शकतं, आणि त्याची नीट तपासणी व्हायला हवी. सीपीआर या आपल्या सरकारी रुग्णालयात मानसोपचार विभाग आहे, शहरात खासगी तज्ज्ञ आहेत, आणि घरबसल्या बोलायचं असेल तर १४४१६ हा टेलिमानसचा फुकट क्रमांक ऑक्टोबर २०२२ पासून चालू आहे. चोवीस तास, मराठीतही. जगणं नकोसं वाटण्याचा विचार मनात येऊन गेला असेल तर आज रात्रीच तो नंबर फिरवा आणि घरातल्या एकाला सांगा. गोळ्या लागल्या तर बीपीच्या गोळीसारख्याच त्या औषध आहेत.

सौम्य त्रास असेल तर एक गोष्ट मी प्रत्येकाला समजावते. मन लागलं की करेन, असं आपण थांबतो. उदासीत हा क्रम उलटा चालतो: आधी करावं लागतं, मन मागनं येतं. मानसोपचारात या तत्त्वावर उभी असलेली उपचारपद्धतच आहे. म्हणून 'वाटतंय का' हे विचारायचं नाही. आठवड्याच्या दोन वेळा ठरवायच्या आणि तिथं जायचं. तुमच्यासाठी मी तालीम सुचवेन. कुस्तीसाठी नाही, माणसांसाठी. आपल्याकडं तालीम म्हणजे पेठेतली हक्काची बैठक असते. कट्ट्यावर अर्धा तास बसा, पोरांचा सराव बघा, शाहू स्टेडियमवर फुटबॉलची मॅच असेल तर जा. तुम्ही मित्र फक्त ग्लास समोर असताना भेटता, त्यामुळं ते बंद केलं तर मैत्रीच बंद होईल ही भीती वाटणं साहजिक आहे. त्याच मित्रांतल्या एकाला रविवारी सकाळी पन्हाळ्याला किंवा रंकाळ्यावर चालायला बोलवा. त्यालाही बहुधा बीपी असेल. दारूनं झोप लवकर लागते पण रात्रीचा उत्तरार्ध तुटक जातो, घोरणं वाढतं, आणि दुसऱ्या दिवशीची सुट्टी जड डोक्यात जाते. तुमची उदास सुट्टी आणि आदल्या रात्रीचं बसणं यांचा संबंध एक महिना ते बंद ठेवून तपासून बघा.

मुलांवर ओरडण्याचं काय? शिफ्टवरनं घरात पाऊल टाकल्यावरचा पहिला पाव तास कुणाशी काही बोलायचं नाही असं घरात सांगून ठेवा. अंघोळ, पाणी, मग माणसांत. माझ्याकडच्या किती तरी घरांत एवढ्यानंच भांडणं निम्मी झाली.

एवढं सगळं एकदम सुरू करायचं नाही, नाहीतर तीच जानेवारी पुन्हा होईल. पहिले दोन आठवडे फक्त तपासण्या, घोरण्याचा तपास आणि झोपेचे तास. तिसऱ्या आठवड्यापासून जेवणानंतरचं चालणं. तो महिना संपता-संपता खुर्ची आणि भिंतीचा व्यायाम. चहातली साखर कधीही उतरवा, बाकी ताट दुसऱ्या महिन्यात. आणि प्रत्येक गोष्टीचं सगळ्यात वाईट दिवशीही जमेल असं माप ठरवून ठेवा. डबल ड्यूटी झाली, पाहुणे आले, अंगात कणकण आहे, तरी जेवणानंतर पाच मिनिटं चालता येतंच. त्या दिवशी तेवढंच करायचं आणि पूर्ण केलं असं धरायचं.

सवय मुरायला २१ दिवस लागतात असं तुम्ही ऐकलं असेल. लंडनमध्ये याचा अभ्यास झाला तेव्हा सरासरी ६६ दिवस निघाले, आणि माणसागणिक १८ पासून २५४ पर्यंत फरक होता. त्याच अभ्यासात हेही दिसलं की मधला एखादा दिवस चुकल्यानं सवय मोडत नाही. गणपतीत, लग्नसराईत, आजारपणात खंड पडणारच. खंडानंतर परत धरताना मागच्या आकड्याच्या निम्म्यापासून धरा.

फळ किती मिळेल तेही सांगते. मधुमेहाच्या उंबरठ्यावरच्या लोकांवर अमेरिकेत मोठा अभ्यास झाला, तो २००२ मध्ये प्रसिद्ध झाला. सुमारे सात टक्के वजन उतरवणं आणि आठवड्याला १५० मिनिटं व्यायाम हे उद्दिष्ट ठेवलेल्या गटात मधुमेह होण्याचं प्रमाण ५८ टक्क्यांनी घटलं. तुमच्या बाबतीत सात टक्के म्हणजे साडेसहा किलो, ९४ वरून साडेसत्त्याऐंशी. विशीतलं वजन गाठायची गरजच नाही. आपल्या देशातल्या अभ्यासात, जो २००६ मध्ये आला, फायदा सुमारे २८ टक्के दिसला, म्हणजे कमी. पण तिथं लोकांचं वजन फारसं उतरलेलं नसतानाही तो दिसला. म्हणून काटा हलला नाही तर चिडून सगळं सोडू नका. वजन आठवड्यातनं एकदाच बघा आणि बेंबीच्या पातळीवर पोटाचा घेर महिन्यातनं एकदा मोजा. आपल्या पुरुषांत तो ९० सेंटीमीटरच्या आत हवा.

एचबीएवनसी तीन महिन्यांच्या आत पुन्हा करू नका. तांबड्या पेशी साधारण १२० दिवस जगतात, त्यामुळं त्याआधीचा आकडा जुन्या दिवसांचाच हिशेब सांगेल. तीन महिन्यांनी ती तपासणी, आठवडाभराची बीपीची वही, पोटाचा घेर आणि झोपेच्या तपासणीचा रिपोर्ट इथंच लिहा. थायरॉइड किंवा श्वासाचा काही निकाल आधी आला तर तेव्हाच कळवा, कारण त्यावर वरचा क्रम बदलू शकतो.